निरंक

आज सकाळी चारीवर, म्हणजे शेतांकडे पाणी नेणाऱ्या कालव्याच्या लहान फाट्यावर, धोबी पक्षी नव्हता. वहीत तसं लिहिलं आणि शाळेत गेले. आजच्या तारखेपुढे एकच शब्द आहे: निरंक.

हा शब्द आबांचा. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. तिथून गोदावरीचे उजवा आणि डावा असे दोन कालवे निघतात. आबांची सगळी नोकरी या पाण्याच्या अवतीभवती गेली. कार्यालयाच्या आवारात, तारेच्या कुंपणात, पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला आबा कुंपणाचं फाटक उघडायचे, वरचं नरसाळं काढायचे, आतली बाटली उचलून काचेच्या मापात ओतायचे, माप डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचायचे. पावसाळ्यात हे ठीक होतं. पण एप्रिलच्या सुट्टीत मी त्यांच्यामागे जायची तेव्हाही ते हेच करायचे. आठलाच उन्हाचा चटका बसायला लागलेला, कुंपणातलं गवत वाळून पिवळं झालेलं, बाटली खडखडीत कोरडी. तरी ती बाहेर काढायची, मापावर उलटी धरायची, पुन्हा जागेवर ठेवायची आणि रजिस्टरात लिहायचं, निरंक.

एकदा मी विचारलं, "पाऊस पडला नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे, मग बाटली कशाला काढता?"

आबा म्हणाले, "गावाला आज माहीत आहे. वीस वर्षांनी जो रजिस्टर उघडेल त्याला काय माहीत? रकाना कोरा दिसला तर तो म्हणेल, त्या दिवशी माणूस आलाच नव्हता. कोरा रकाना वेगळा आणि निरंक वेगळा, बाई."

मी तेव्हा दहा वर्षांची असेन. पक्ष्यांच्या नोंदी ठेवायला लागले ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आणि आबांच्या त्या वाक्याचा अर्थ नीट कळायला आणखी काही वर्षं गेली.

धोबी म्हणजे मी करड्या धोब्याबद्दल बोलतेय. पांढऱ्या भुवयांचा तो काळा-पांढरा मोठा धोबी आमच्याकडे बारा महिने असतो, बंधाऱ्याच्या दगडांत घरटं करतो. करडा धोबी पाहुणा. पाठ राखाडी, शेपटीच्या मुळाशी पिकल्या लिंबासारखा पिवळा, आणि शेपूट इतकी लांब की बाकीचा पक्षी तिला जोडल्यासारखा वाटतो. ती शेपूट क्षणभर थांबत नाही. धुणं आपटताना हात जसा खालीवर होतो तशी ती होत राहते, म्हणून हा धोबी, कुणी परीट म्हणतं. वजन वीस ग्रॅमच्या आतबाहेर. हिमालयात आणि त्यापलीकडे मध्य आशियातल्या डोंगरी ओढ्यांच्या काठी हा पिल्लं वाढवतो आणि पावसाळा सरता सरता खाली उतरतो. आमच्या चारीच्या दरवाजाशी एक सिमेंटचा कठडा आहे. त्याच्या खाली पाणी उसळतं आणि शेवाळावर किडे असतात. दर वर्षी एक करडा धोबी त्या कठड्यावर येतो. तोच पक्षी येतो का, हे पायात ओळखीच्या नंबराचं कडं असल्याशिवाय सांगता येणार नाही. पण जागा तीच असते, आणि तो दिसला की माझ्या छातीत काहीतरी हलतं. एवढासा जीव डोंगर ओलांडून आला आणि माझ्या शाळेच्या वाटेवर उतरला!

गावात विचारलं तर जुनी माणसं सांगतात, "धोबी ना, गणपतीत येतो." मीही कितीतरी वर्षं तसंच म्हणायची. मग एकदा हे वाक्य वहीशी ताडून पाहायचं ठरवलं आणि घोटाळा लक्षात आला. गणपती २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला बसले, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि यंदा, २०२५ मध्ये, २७ ऑगस्टला. तीन वर्षांत तेवीस दिवसांचा फरक. धोबी मात्र चंद्राची तिथी बघून निघत नाही. हवामानबदलानं पक्ष्यांचं येणंजाणं किती हललं हे शोधायचं तर आपण दशकामागे काही दिवसांचा फरक शोधत असतो, आणि आपली मोजपट्टीच तीन आठवडे मागेपुढे सरकत असेल तर त्या आठवणीचा उपयोग होत नाही. शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रं त्या मानानं फार चांगलं घड्याळ आहे. रोहिणी, मृग, उत्तरा, हस्त ही सूर्यावर चालतात, म्हणून दर वर्षी एक-दोन दिवसांच्या फरकानं त्याच तारखांना लागतात. आमच्याकडचा एक म्हातारा द्राक्षबागायतदार "धोबी उत्तरा लागली की" असं सांगतो. त्याची नोंद मी वहीत उतरवून घेतली आहे, कारण उत्तरा म्हणजे १३ सप्टेंबरच्या आसपास, आणि त्याच्या तरुणपणीची उत्तरा आणि आजची उत्तरा एकच आहे.

२००७ च्या जुलैमध्ये आपल्या देशात मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम सुरू झाला. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या मंडळींनी 'इंडियन बर्ड्स' या नियतकालिकाच्या साथीनं तो चालवला. सुरुवातीला हिवाळ्यात येणारे फक्त नऊ पक्षी निवडले होते. मागणी साधी होती: तुमच्या भागात हा पक्षी या हंगामात पहिल्यांदा कधी दिसला ते कळवा, आणि शेवटचा कधी दिसला तेही कळवा. मी तिथे दोन वर्षांनी पोहोचले. अर्जात एक प्रश्न असायचा: या जागी तुम्ही किती वेळा जाता? रोज, आठवड्यातून एकदा, महिन्यातून, की पहिल्यांदाच? मला तो प्रश्न तेव्हा औपचारिक वाटला होता. मी घाईघाईत कुठल्याही गोलात खूण करायची. आता वाटतं, अर्जातला तो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता.

समजा मी चारीवर फक्त रविवारी जाते. रविवारी धोबी दिसला. तो रविवारी आला की सोमवारी येऊन सहा दिवस तिथेच बसला होता? माझ्या नोंदीत सहा दिवसांची फट आहे. रोज जाणाऱ्याच्या नोंदीत एका दिवसाची. दोघांच्याही वहीत "पहिल्यांदा दिसला" असंच लिहिलेलं असणार. फरक पडतो तो त्याआधीच्या ओळींनी. "काल गेले होते, नव्हता. परवा गेले होते, नव्हता." ते निरंक जेवढे पहिल्या तारखेला चिकटून, तेवढी ती तारीख पक्की.

यातून पुढे जी गोष्ट कळली तिनं मी काही दिवस अस्वस्थ होते. २००९ मध्ये आमच्या भागात नोंदी करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आज नांदूर मधमेश्वरला थंडीतल्या कुठल्याही रविवारी जा, चापडगावच्या पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर आणि काठावर कॅमेरेवाल्यांची रांग असते. डोळे वाढले की सगळ्यात आधी आलेला चुकार पक्षी कुणाच्या ना कुणाच्या नजरेस पडणारच. म्हणजे पक्षी आपल्या जुन्याच वेळेला येत असला तरी "जिल्ह्यातली पहिली नोंद" दर वर्षी थोडी अलीकडे सरकत जाईल. त्या तारखा आलेखावर मांडल्या तर रेघ खाली उतरताना दिसेल आणि कुणीही म्हणेल, बघा, पक्षी लवकर यायला लागले. खरं तर लवकर यायला लागली ती माणसं.

यावर अभ्यासकांनी काढलेला मार्ग मला फार आवडतो, कारण त्यात माझ्यासारखीला रोजचं काम आहे. पहिल्या पक्ष्याच्या मागे धावायचं नाही. पक्षी बघणाऱ्यांकडून दर आठवड्याला आलेल्या शंभर याद्यांपैकी किती याद्यांत करडा धोबी आहे ते बघायचं. ऑगस्टच्या अखेरीस एखाद-दुसऱ्या यादीत, मग दहांत, मग तीसांत, मग चढण थांबते. ही चढण कुठल्या आठवड्यात चढते ते वर्षामागून वर्षं ताडायचं. बघणारे दसपट झाले तरी शंभरातलं प्रमाण त्यामुळे बिघडत नाही. पण त्यासाठी यादी पूर्ण हवी. पंधरा मिनिटं उभं राहिलात तर त्या पंधरा मिनिटांत दिसलेला प्रत्येक ओळखीचा पक्षी लिहा. कावळा, साळुंकी, पारवा, सगळे. फक्त "विशेष" पक्षी लिहिलात तर यादीत जो नाही तो दिसला नाही की लिहिला नाही, हे कुणाला कळणार? मायग्रंटवॉचच्या नोंदी पुढे ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या जागतिक संकेतस्थळावर गेल्या, आणि तिथे यादी पाठवताना हेच विचारतात: ओळखलेले सगळे पक्षी दिलेत का? तिथे "हो" म्हटलं की यादीत नसलेला प्रत्येक पक्षी आपोआप निरंक होतो. आबांना हे समजावलं तेव्हा ते एकच म्हणाले, "मग बरोबर आहे."

नोंद म्हटली की चूक आलीच. एका ऑक्टोबरात मी बंधाऱ्याखालच्या गाळावर सात करडे धोबी लिहिले. दुसऱ्या दिवशी ई-बर्डवर नोंदी तपासणाऱ्या एका स्वयंसेवकाचा नम्र संदेश आला: करडा धोबी सहसा एकटा असतो, सात एकत्र दिसले म्हणता, फोटो आहे का? होता. मोठा करून पाहिला. पाय काळे कुळकुळीत. करड्या धोब्याचे पाय फिकट, गुलाबीसर तपकिरी असतात. माझे सात पिवळे धोबी होते. थव्यानं गाळात चरणारे, शेपूट आखूड, पाय काळे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी पिवळा रंग पाहिला आणि पायाकडे पाहिलंच नाही. नोंद दुरुस्त केली आणि मागच्या दोन वर्षांच्या वह्या काढून बसले. जिथे जिथे "करडा धोबी, चारपाच" असं लिहिलं होतं तिथे शाईनं प्रश्नचिन्ह टाकलं. पुसलं नाही. आबांच्या रजिस्टरात खोडाखोड चालत नसे. चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही.

अशा साध्या माणसांच्या नोंदींतून किती काय उभं राहतं हे मला एका परक्या देशातल्या कार्डांनी दाखवलं. १८८१ मध्ये अमेरिकेत वेल्स कुक नावाच्या एका शिक्षकानं ओळखीच्या लोकांना विचारायला सुरुवात केली की तुमच्याकडे हिवाळ्यानंतर पक्षी कधी येतात. पुढे हार्ट मेरियम या निसर्गशास्त्रज्ञांनी तो व्याप वाढवला. दीपगृहांच्या रखवालदारांनासुद्धा नोंदी मागितल्या गेल्या. हे १९७० पर्यंत चाललं आणि साठ लाखांच्या आसपास कार्डं जमली. मग काम बंद पडलं. कार्डं कपाटांत, खोक्यांत, या इमारतीतून त्या इमारतीत फिरत राहिली. चँडलर रॉबिन्स या पक्षिशास्त्रज्ञांनी ती टाकून देऊ दिली नाहीत. (१९५६ मध्ये मिडवे बेटावर एका अल्बॅट्रॉस मादीच्या पायात कडं घातलं तेही यांनीच. तिचं नाव विस्डम. २०२४ च्या अखेरीस तिनं पुन्हा अंडं घातलं. रॉबिन्स २०१७ मध्ये गेले.) चाळीसएक वर्षांनी मेरीलँडमधल्या पॅटक्सेंटच्या संशोधन केंद्रात त्या कार्डांची छायाचित्रं काढून ती इंटरनेटवर ठेवली गेली आणि जगातल्या कुणालाही ती वाचून टंकायला बोलावलं गेलं. एकच कार्ड दोन वेगवेगळी माणसं टंकत, दोन्ही जुळलं तर ते धरत.

मी दोन उन्हाळी सुट्ट्या त्या कार्डांवर बसले. पोस्टकार्डाहून लहान कार्ड. वर पक्ष्याचं नाव, गाव, साल, लिहिणाऱ्याचं नाव. खाली रकाने: पहिल्यांदा कधी दिसला, किती होते, पुन्हा कधी दिसला, सर्रास कधी दिसायला लागला, शेवटचा कधी दिसला. तिरकं, लपेटीचं इंग्रजी अक्षर. त्यातला ४ आणि ९ वेगळा काढायला मला आठवडा लागला. दुपारी बाहेर लू चालू, पंखा गरगरतोय, आणि माझ्यासमोर कुठल्यातरी गारठलेल्या गावात एप्रिलच्या अखेरीस आलेली माळभिंगरी. माळभिंगरी तिकडेही असते आणि आमच्या विजेच्या तारांवरही हिवाळ्यात ओळीनं बसते, जात एकच. त्या कार्डावर "सर्रास कधी दिसायला लागला" हा रकाना भरलेला होता. शंभरावर वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला पहिला पक्षी पुरेसा वाटला नव्हता. तो बाकीचे येईपर्यंत थांबला, मोजत राहिला. मी ते कार्ड टंकून पुढे पाठवलं आणि थोडा वेळ नुसती बसले. त्याला कुठे माहीत होतं की पृथ्वी तापणार आहे? त्याच्या डोक्यात हा प्रश्नच नव्हता. तरी उत्तराचा अर्धा भाग तो लिहून गेला.

असंच एक घराणं इंग्लंडात नॉरफकमध्ये होतं. रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा लिहायला घेतल्या: पहिली माळभिंगरी, पहिला बेडूक, कुठल्या झाडाला पालवी कधी. त्यांच्या मागच्या पिढ्यांनी ते १९५८ पर्यंत चालू ठेवलं. अशा जुन्या वह्या आज तापमानाच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचल्या जातात.

आणि चार दिवस इकडचे तिकडे झाले तर बिघडतं काय, असं स्टाफरूममध्ये मला नेहमी विचारतात. मी त्यांना नेदरलँडमधल्या कवड्या रंगाच्या माशीमाराची गोष्ट सांगते. हा काळा-पांढरा छोटा पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि वसंतात नेदरलँडच्या ओकच्या जंगलात घरटं करायला येतो. पिल्लांना लागतात त्या ओकवरच्या अळ्या, आणि अळ्यांचा भर काही आठवडेच टिकतो. वसंत उबदार होत गेला तशी झाडांना पालवी लवकर, अळ्या लवकर. माशीमार मात्र आफ्रिकेत बसलेला. निघायची वेळ तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतो, आणि नेदरलँडात यंदा ऊब लवकर आली हे त्याला तिथे कळायला काही मार्ग नाही. ख्रिस्टियान बोथ आणि मार्सेल व्हिसर या तिथल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की १९८० ते २००० या काळात या पक्ष्यांनी अंडी घालण्याची तारीख दहा दिवसांनी अलीकडे आणली, पण येण्याची तारीख हलली नाही. म्हणजे आल्या आल्या धापा टाकत घरटं. विसावा गेला, आणि तरीही अळ्यांचा भर गाठता येईना. २००६ मध्ये त्यांनी पुढचा भाग मांडला: ज्या जंगलांत अळ्या सगळ्यात लवकर येऊन संपतात तिथले हे पक्षी सुमारे ९० टक्क्यांनी घटले होते. शाळा सुटल्यावर डबा घेऊन पोहोचलेल्या आईसारखी अवस्था. डबा आहे, पोर नाही. इथे उलट, पोरं आहेत आणि डबा संपलेला.

आपल्याकडे हाच प्रश्न मला चातकाबद्दल पडतो. "चातकासारखी वाट पाहणे" आपण रोज म्हणतो, पण चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं. दक्षिणेत काही चातक वर्षभर राहतात. आपल्याकडे आणि उत्तरेत येणारे ते प्रवासी. २०२० मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली, त्यांची नावं मेघ आणि चातक. अशा यंत्रांनी एकेका पक्ष्याची वाट कळते. पण नगरला कधी, नाशिकला कधी, विदर्भात कधी, आणि दर वर्षी कधी, हे कळायला बाभळीच्या शेंड्यावरची ती "पियू, पिपी-पियू" ऐकून तारीख लिहिणारी माणसंच लागतात. चातक अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात आणि खातो केसाळ सुरवंट. पाऊस, सुरवंट, सातभाईंची घरटी, चातकाचं येणं, या चौघांची गाठ पडायला हवी. पाऊस आपली वेळ बदलायला लागला तर आफ्रिकेतून निघालेल्याला ते कोण सांगणार?

आणि यंदा, २०२५ मध्ये, नेमकं तेच घडलं. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईत इतक्या लवकर तो नोंदींच्या इतिहासात कधी आला नव्हता. ठरलेली तारीख ११ जून. आमच्याकडे तर त्याच्या आधीच पावसानं झोडपलं होतं, काढून ठेवलेला उन्हाळ कांदा शेतात भिजला. रोहिणी लागतानाच चिखल. असं वर्ष नोंदी ठेवणाऱ्याच्या आयुष्यात एखाद्या वेळी येतं. चातक त्याच्या वेळेवर येतो की पावसाच्या, हे बघायची संधी.

माझ्या वहीत २१ मे ते ४ जून कोरं आहे.

आबांना न्यूमोनिया झाला. आम्ही त्यांना घेऊन नाशिकला दवाखान्यात होतो. पंधरा दिवस मी ना चारी पाहिली ना बाभळी. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची आणि पाण्याच्या टाक्या दिसायच्या. ५ जूनला परत आले, संध्याकाळी चारीवर गेले आणि पाच मिनिटांत चातक ऐकला. तो त्या दिवशी आला नव्हता, हे माझं मन सांगत होतं. सातभाई त्याच्यावर तुटून पडत होते, तो जागा धरून होता. दोन-चार दिवसांपूर्वी आला असणार. शेजारच्या मळ्यातली बाई म्हणाली, "कवापासून वरडतोय तो." कवापासून म्हणजे कधीपासून? तिला सांगता येईना.

दवाखान्यात असतानाच आबांशी यावर बोलणं झालं होतं. ऑक्सिजनची नळी काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते, "पाऊस किती झाला?" मी म्हटलं, खूप. त्यांना ते चाललं नाही. "खूप म्हणजे किती मिलिमीटर?" मी फोनवर बघून आकडा सांगितला. मग म्हणाले, "आणि तुझा तो चातक?" मी म्हटलं, आबा, मी इथे आहे, माझं यंदाचं साल वाया गेलं. अंदाजानं तारीख टाकता येईल, मे अखेर. आबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "गेली नाहीस ना? मग कोरं सोड. निरंकसुद्धा लिहू नकोस."

ते पंधरा रकाने तसेच आहेत. ५ जूनच्या नोंदीपुढे मी लिहिलं आहे: आधी पंधरा दिवस जागेवर गेले नाही. वाईट वाटतं, अजूनही वाटतं. पण मी नव्हते तेव्हा दुसरं कुणीतरी होतं, याचा मोठा आधार आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२३ चा अहवाल ३०,००० हून जास्त निरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदींतून झाला आणि त्यात ९४२ जातींचा ताळेबंद आहे. लांबून येणारे पक्षी इथल्या रहिवाशांपेक्षा जास्त घटलेत हे त्यातून दिसलं. एकट्या माझ्या वहीतून यातलं काहीही सिद्ध होत नाही, आणि ते मी मुलांनाही स्पष्ट सांगते. माझ्या वहीत दोन वर्षं धोबी लवकर आला म्हणजे हवामान बदललं असं नाही. माझी वही ही त्या तीन कोटींतली काही पानं.

एक गोष्ट मात्र अजून सगळ्यांकडून राहते आणि ती मला मनापासून सांगायची आहे: पक्ष्यांचं जाणं. येणं सगळे लिहितात, कारण ते दिसतं. सकाळी कठड्यावर शेपूट हलली की कळलं, आला. गेला हे कधी कळतं? मार्चमध्ये एक दिवस तो दिसतो आणि त्या दिवशी तुम्हाला मुळीच ठाऊक नसतं की हा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी नसतो, वाटतं, असेल पलीकडच्या चारीवर. तिसऱ्या दिवशी नसतो. आठवडाभर नसतो, मग मागे वळून पाहिल्यावर त्या दिवसाला "शेवटचा" हे नाव मिळतं. म्हणजे जाण्याची तारीख पूर्णपणे त्यानंतरच्या निरंकांवर उभी असते. आणि मार्च-एप्रिलमध्येच लोक जाणं बंद करतात. ऊन वाढतं, बंधाऱ्यावर बदकं उरत नाहीत, कॅमेरे पिशवीत जातात, आमच्या परीक्षा सुरू होतात. हिमालयात बर्फ लवकर वितळायला लागला तर त्याची पहिली चाहूल आपल्याला कदाचित इथल्या रिकाम्या कठड्यावरच लागेल, आणि नेमका तेव्हा तिथे कुणी नसतं.

म्हणून मी नववीच्या सहा मुलांना मार्च आणि एप्रिल वाटून दिले आहेत. प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस, रविवार माझा. चारीच्या दरवाजाशी पंधरा मिनिटं उभं राहायचं, सगळं लिहायचं. पहिल्या वर्षी एक मुलगा तिसऱ्याच आठवड्यात वही परत द्यायला आला. म्हणाला, "मॅडम, काहीच दिसत नाही, माझी वही वाया चालली." मी त्याला घरी आबांकडे पाठवलं. आबांनी त्याला काय सांगितलं मला माहीत नाही, दोघांनी दार लोटून घेतलं होतं. पण वही परत आली नाही, आणि एप्रिलच्या शेवटापर्यंत त्याच्या वारापुढे खाडा नाही.

आबा आता घरी आहेत. चालणं दारापर्यंत. सकाळी मी चारीवरून येते तेव्हा ते ओट्यावर बसलेले असतात आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आधी विचारतात, "काय गं?"

आज १२ सप्टेंबर. उत्तरा उद्या लागेल. आवर्तन चालू आहे, दरवाजाखाली पाणी जोरात. ७.०५ ते ७.२०, आभाळ भरलेलं, वारा नाही. साळुंकी ६, बुलबुल २, वेडा राघू ४, खंड्या १, पांढऱ्या भुवयांचा धोबी २, कोतवाल १, चिमण्या ११, गायबगळे ३.

करडा धोबी, निरंक.